ताण्यापलीकडची अकॅडमी

थायलंडहून परत आल्यापासून संजीवची चाल बदलली होती. वरठीच्या स्टेशनावर गाडीतून उतरला तोच दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब धरून, काखेत गळू झालेल्या माणसासारखा. घ्यायला आलेली त्याची बायको मोनिका घाबरली.

"काय झालं जी? कुठं लागलं?"

"लागलं नाही. फायटरची चाल असते ही."

मागून त्याची आई सुमित्राबाई दोन्ही बॅगा सांभाळत उतरत होत्या. फायटरला ओझं उचलायचं नव्हतं. सहा दिवस त्या लेकाबरोबरच होत्या आणि फायटर कुठं पडला, कसा पडला, हे त्यांनी पुढच्या रांगेतून पाहिलं होतं.

मोहाडीत संजीवचं रंगाचं दुकान. वर्षभरात पुट्टीच्या ठरावीक गोण्या खपवल्या की कंपनी दुकानदाराला जोडीनं परदेशात नेते. यंदा संजीवच्या गोण्या खपल्या, पण लेक रुचिका बारावीला, तेव्हा मोनिका अडकली. तिकीट परत होत नव्हतं. संजीवच्या बहिणीच्या बाळंतपणासाठी दुबईला जाताना काढलेला पासपोर्ट आईजवळ होता. अशा रीतीनं वयाच्या बहात्तराव्या वर्षी सुमित्राबाई विदर्भातल्या चाळीस रंगवाल्यांबरोबर समुद्र पाहून आल्या. समुद्र बरा होता. जेवणाचं काही सांगण्यासारखं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मोकळा वेळ होता. गाइड म्हणाला, इथं मुए थाई म्हणून लढायची विद्या आहे, दोन तासांचा क्लास असतो, फोटो मिळतो, सर्टिफिकेट मिळतं. सर्टिफिकेट म्हटल्यावर आठ जण उठले. संजीव सगळ्यांत आधी.

पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये तो आखाडा होता. निलगिरीच्या तेलासारखा उग्र वास. सुमित्राबाईंना एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि त्यांनी चिवड्याची पिशवी सोडली. शिकवणारी एक बाई होती. पन्नाशीची, वाळक्या अंगाची, केस घट्ट बांधलेले. तिला सगळे 'क्रू' म्हणत. क्रू म्हणजे गुरू, असं गाइडनं सांगितलं. ती आली, वाकली आणि रिंगणाच्या खालच्या दोरीखालून सरकून आत गेली. गाइड ओरडून सांगत होता की या आखाड्याची रीत आहे, बायका खालून जातात, पुरुषांनी वरून जायचं. संजीवनं ते ऐकलं नाही. तो स्वतःचा फोटो काढत होता.

बाकीचे सात जण हाशहुश करत दोऱ्या ओलांडून आत गेले. गोंदियाच्या एका दुकानदाराची पँट उसवली, पण तो वरूनच गेला. मग संजीव आला. समोर ताणलेल्या चार दोऱ्या दिसल्या. त्यानं क्षणभरही विचार केला नाही. मान खाली घातली, पोट आवळलं आणि खालच्या दोरीखालून आत सरकला.

तिथली पोरं हसली. मग गाइड हसला. मग गाइडनं खालच्या दोरीकडं बोट दाखवल्यावर सगळे रंगवाले हसले.

"संजीवभाऊ, लुगडं कुठी विसरले?"

"वहिनी, जरा पदर सांभाळा!"

संजीवचे कान लाल झाले. त्यानंतरचं लवकर आटोपलं. तीन मिनिटं दोरीवरच्या उड्या मारून तो धापा टाकू लागला. बाईनं गादीसारखं काहीतरी हातात धरलं आणि लाथ मार म्हणून खूण केली. संजीवनं सगळा राग पायात आणला. बाई अर्धं पाऊल बाजूला झाली. संजीव आपल्याच लाथेमागं गेला आणि सबंध पाठीवर आला. उरलेला दीड तास त्यानं पंख्याखाली, मुरगळलेल्या पायावर आईकडून बर्फ धरून घेत काढला. शेवटी उसने ग्लोव्हज घालून फोटो काढला. बर्फ फोटोत आला नाही.

सगळे हसत होते तेव्हा स्टुलावर सुमित्राबाईंनी मात्र चिवड्याची पिशवी बांधून ठेवली. त्यांना दिसला तो सहा वर्षांचा संजू. त्या वेळी घरामागच्या लांब खोलीत चार माग होते, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कोशाच्या रेशमाचा ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, लावलेला असायचा, जमिनीपासून मांडीभर उंच. संजूचे वडील मधुकरराव लेकराला कधी बोट लावत नसत. पोरानं काच फोडली, शाळा बुडवली, शेजारच्या कोंबड्या सोडून दिल्या, ते हसायचे. पण एकदा पतंगामागं धावताना संजूनं ताण्यावरून टांग टाकली आणि मधुकररावांनी त्याला अशी एक थप्पड दिली की हातातला पतंग अंगणात पडला. "ताणा वलांडत नाही. खालून जाते. त्याच्यावर पोट आहे आपलं." पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. दिवसातून वीस वेळा संजू त्या धाग्यांखालून उंदरासारखा ये-जा करायचा.

मधुकरराव जाऊन चौदा वर्षं झाली. तीन माग विकले गेले. संजीव धाग्याला विसरला, धंद्याला विसरला, बापाचा फोटोसुद्धा त्यानं पुट्टीच्या कॅलेंडरामागं टाकला. पण चार दोऱ्या ताणलेल्या दिसल्या आणि त्याची मान आपोआप खाली गेली. सुमित्राबाईंनी हे मनात नीट घडी घालून ठेवलं.

मोहाडीत आल्यावर गोष्ट वाढू लागली. पहिल्या आठवड्यात संजीवनं थायलंडात प्रॅक्टिस केली होती. दुसऱ्या आठवड्यात लढत झाली होती. तिसऱ्या आठवड्यात समोरचा सहा फुटी होता आणि त्याला दोन दात गमवावे लागले. त्या वाळक्या बाईचा तर कुठं उल्लेखच राहिला नाही. सुमित्राबाई पोळ्या लाटत ऐकायच्या. त्यांच्या तरुणपणी मोहाडीत तालीम होती. तिथं जाणारे लोक आपण तालमीत जातो असं सांगत नसत. त्यांचे चुरगळलेले कान पाहूनच कळायचं. संजीवचे कान पापडासारखे सपाट होते, पण चौकात त्याचा बारा फुटी फ्लेक्स लागला होता.

हे नुसत्या हौसेपुरतं राहिलं असतं तर सुमित्राबाईंनी आणखी दहा दात पडू दिले असते. पण मध्ये नगरपंचायतीची निवडणूक आली. वॉर्डाचे पुढारी भय्याजी दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "संजीवभाऊ, तिकिटाचं पाहू आपण. पण तरुणांसाठी काही करून दाखवा." त्याच संध्याकाळी संजीव घरात शिरला तो खोलीचं माप घ्यायची फीत घेऊन.

"आई, मागची खोली मोकळी करून राहिलो मी. अकॅडमी काढतो. मुए थाई."

त्या खोलीत उरलेला शेवटचा माग होता. जमिनीत खड्डा करून बसवलेला, सुमित्राबाईंचा. त्यावर रुचिकासाठी करवतकाठी, करवतीच्या दातांसारख्या काठाची, साडी चढली होती. अर्धी झाली होती. डोळ्यांनी साथ दिली तर दिवसाला वीतभर व्हायची.

"माग काढशील?"

"काढतो नाही, खड्डा बुजवतो. ट्रॅक्टरवाला इतवारी मुरूम आणून टाकते. उद्घाटन झालं की दुसऱ्या दिवशी."

"अन् साडी?"

"किती राहिली?"

"अर्धी."

"मंग कापून टाक ना. अर्ध्याची ओढणी होईल."

मोनिकानं भांडी घासता घासता हात थांबवला. रुचिका म्हणाली, "बाबा, ओढणी नको मले. साडी पाह्यजे."

"तू चूप बस. अभ्यास कर."

सुमित्राबाई भांडल्या नाहीत. मागावरची साडी कापायची म्हणजे काय, हे ज्याच्या वडलांनी चार मागांवर त्याला वाढवलं त्याला समजावून सांगायचं, तर मग सांगण्यात अर्थच काय होता? त्यांनी फक्त विचारलं, "उद्घाटन कधी?"

"रविवारी, दहा वाजता."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि शनिवारी तांदळाची पेज जरा जास्त काढून ठेवली.

रविवारी भल्या सकाळी मंडपवाल्यांनी खोलीच्या टोकाला, मागाच्या शेजारी, चार बांबू रोवून नायलॉनच्या दोऱ्यांचं रिंगण केलं. ते चहा प्यायला गेले. दहाला दहा कमी असताना भय्याजी आले, साठसत्तर माणसं आली, हार आले. समोरची सगळी मंडळी विणकरांच्या घरातलीच. संजीव आतून निघाला. अंगावर थायलंडहून आणलेली चकाकती निळी चड्डी, तिच्यावर सोनेरी अक्षरं, आणि वर पोट. भय्याजींनी फीत कापली, दार उघडलं, आणि उंबऱ्यावरच थांबले.

दार आणि रिंगण यांच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, रुचिकाच्या उरलेल्या अर्ध्या साडीचा ताणा लावला होता. सोनेरी पिवळा, ओला, मांडीभर उंच. सुमित्राबाई कुंचा घेऊन त्याला पेजेची खळ लावत होत्या.

भय्याजींनी मुकाट्यानं चपला काढल्या. त्यांचीही आजी मागावर बसायची आणि समोरची सगळी मतं मागावरचीच होती.

"आई," संजीव दबक्या आवाजात म्हणाला, "हे काय होय?"

"ताणा."

"आज?"

"खळ ओली आहे ना बाबू. वाळल्याबिगर सोडला तर तुटते. तुले माहीत आहे."

"मंग लोकं जातीन कसे पलीकडे?"

"जसे जातेत तसे."

भय्याजींनी घसा साफ केला. "संजीवभाऊ, तुम्ही मास्तर. तुम्हीच जा आधी. रिंगणातून बोला."

संजीव ताण्यासमोर उभा राहिला. टांग टाकली असती तर एका पावलात पलीकडे. त्यानं उजवा पाय उचललाही, बोटभर. मग इकडंतिकडं पाहिलं. सगळ्यांचे डोळे त्याच्या पायावर होते. पाय खाली आला. मान खाली गेली, पोट आवळलं गेलं, आणि मोहाडीचा मुए थाई फायटर चार पायांवर, सोनेरी अक्षरं वर करून, धाग्यांखालून पलीकडे सरकला. उठला तेव्हा टकलावर पेज चिकटली होती.

शेजारच्या उषाबाई आयुष्यात कधी गप्प बसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "काहो सुमित्राबाई, थायलंडात असंच शिकवतेत का?"

आता सुमित्राबाईंना खोटं बोलता आलं असतं. महिनाभर गप्प बसणं हे त्यांनी आईचं काम समजून केलं होतं. पण त्यांनी मागाकडं पाहिलं, अर्ध्या साडीकडं पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "तिथंबी असाच खालून गेला. लय हसले तिथले."

"काहून?"

"तिथं खालून बायाच जातेत म्हणे. मास्तरीणबाई गेली अन् आपला संजू गेला."

"मास्तरीण? बाई होती शिकवाले?"

"बाईच. माह्याएवढी वाळकी. बिचारीनं हातबी नाही लावला. हाच आपला आपला पडला. मंग मी बर्फ धरून बसली होती त्याच्या पायावर."

खोली अशी हसली की ताणा थरथरला. कोणीतरी मागून विचारलं, "अन् ते दोन दात कोणाचे होते, संजीवभाऊ?" रुचिकानं तोंडात ओढणी कोंबली. मोनिका हार घेऊन उभी होती. तो घालावा की न घालावा हे तिला कळेना. भय्याजींनी घड्याळ पाहिलं. तरुणांसाठी आणखीही बऱ्याच योजना असतात, आपण सवडीनं बोलू, असं म्हणून त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. दहा मिनिटांत खोली रिकामी झाली. पेढे मात्र लोकांनी नेले.

रिंगणात संजीव एकटाच उभा होता. त्याचा चेहरा थप्पड खाल्लेल्या सहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. सुमित्राबाईंना वाईट वाटलं. पण कुंचा त्यांनी खाली ठेवला नाही.

"नाक कापलं तू माझं," तो म्हणाला.

"तिथं कोणी नाही कापलं म्हणून इथवर घेऊन आला होता तू."

"उद्या खड्डा बुजतेच. पाहून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी इतवारी मुरमाचा ट्रॅक्टर घेऊन आला. त्यानं अंगणात ट्रॉली उलटवली, टोपलं भरून खांद्यावर घेतलं आणि दारात आला. ताणा तसाच होता. रात्री दव पडलं, खळ वाळली नाही, असं सुमित्राबाईंचं म्हणणं. बंद खोलीत दव कुठून आलं, हे कोणी विचारलं नाही. इतवारी नदीकाठच्या मासे धरणाऱ्यांपैकी. त्याला धाग्याचं काय?

"मालक, हे सोडत नाही का?"

"वाळला नाही म्हणे," संजीव चहा पीत गुरगुरला.

"मंग जातो ना मी वरून. काय आहे त्याच्यात?" म्हणत इतवारीनं टोपलं सावरलं आणि पाय उचलला.

"ए! पाय खाली!"

इतवारी दचकला. टोपल्यातला मुरूम सांडला. मोनिका स्वयंपाकघरातून बाहेर आली. सुमित्राबाईंच्या हातातला कुंचा थांबला. चौदा वर्षांत त्या घरात तो आवाज कोणी ऐकला नव्हता. संजीव स्वतःच दारात कप धरून उभा होता, आपल्या तोंडातून कोण बोललं ते पाहत असल्यासारखा.

"ताणा वलांडत नाही," तो हळू म्हणाला.

"मंग मुरूम?"

"राहू दे अंगणात. ताणा निघाला की सांगतो."

इतवारी ट्रॅक्टर घेऊन गेला. मुरूम अंगणात पडून राहिला, आणि पावसाळ्यात त्याचा उपयोग न्हाणीघराकडं जायची वाट करायला झाला. रिंगणाच्या नायलॉनच्या दोरीवर मोनिका आता कपडे वाळत घालते. निवडणुकीचं तिकीट मोहाडीतल्या एका व्यायामशाळेवाल्याला मिळालं. तो पडला.

रुचिकाची साडी दिवाळीला मागावरून उतरली. ती उतरायच्या आधी दोन दिवस सुमित्राबाईंनी दुसऱ्या साडीचा ताणा लावायला काढला. हा ताणा निघाला की तिसरा लागणार होता, हे त्यांना माहीत होतं. संजीवलाही एव्हाना कळलं असावं, कारण त्यानं मुरमाचा विषय काढणं सोडून दिलं होतं.

"संजू," त्या खोलीतून ओरडल्या, "तिकडचं टोक धर. अन् जोरानं धर, फायटर ना तू?"

संजीव दुकानाला निघाला होता. त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या, कुरकुर केली, चपला दाराबाहेर काढल्या आणि पलीकडे जायला वाकला.