ढवळूचं बिघडलेलं गाणं

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेलेही या, सतरंजी मोठी आहे. बुवा अजून पोचायचे आहेत, तोवर एक कथा सांगतो. देवाची नाही म्हणा, एका वासराची. पण तिच्यात माझी मोठी बहीण आहे, तिचा नवरा आहे, आणि देवही कुठंतरी मागं टाळ धरून उभा असावा असं मला वाटतं.

पस्तीस वर्षं होऊन गेली. 'ढवळू' नावाचं एक कार्टून निघालं होतं, सगळं हातानं चित्रं काढून केलेलं. बाजारात आईपासून चुकलेलं पांढरं वासरू सातपुड्यातून एकटं घरी येतं, एवढीच गोष्ट. अर्ध्या वाटेवर ते ओढ्याकाठी थांबतं आणि गातं, 'हाक दे गं माये, मी वाटेत आहे.' तेव्हा गणपतीत व्हिडिओ भाड्यानं आणायचे, आणि मोठमोठे बाप्ये हे गाणं आलं की डोळ्यांत कचरा गेल्यासारखे तोंड फिरवायचे. तो आवाज माझ्या अक्काचा. द्रौपदाबाईचा.

मुक्ताईनगरला कीर्तनात अक्का चाल म्हणत होती, तिथं त्या सिनेमावाल्यांनी तिला ऐकलं. आवाज भरायला जळगावला बोलावलं. स्टुडिओ कसला, कन्हैयालाल शेठचं कापसाचं गोदाम! चहूबाजूंनी गाठी रचलेल्या, त्यामुळे आवाज घुमत नाही म्हणे. शेठच्या घरच्या प्रेमकुंवरबाईंनी आम्हा सगळ्यांना पोटभर जेवू घातलं. सगळ्यांना म्हणजे अक्का, तिचे यजमान पुनानाना, मी आणि आणखी तिघं टाळकरी. आम्ही नुसती सोबत म्हणून गेलेलो. 'मागं कुणी चकार शब्द काढायचा नाही,' अशी ताकीद होती.

अक्कानं सुरुवात केली. पहिली ओळ काय लागली! दुसऱ्या ओळीला मात्र तिचा श्वास जरा कमी पडला. आता तुम्हीच सांगा, कीर्तनात बुवांचा दम तुटला तर मागचे काय करतात? तोंडाकडे बघत बसतात? तिथल्या तिथं ओळ उचलतात. ते डोक्यात नसतं, पायांत असतं. पुनानानांनी ओळ उचलली. आपल्या जाड्याभरड्या आवाजात, अर्धी मात्रा घाईनं. नानांनी उचलली म्हटल्यावर आम्ही चौघांनीही. आवाज भरणाऱ्या माणसानं कानावरचं यंत्र काढून आपटलंच. आम्हाला बाहेर उन्हात काढलं, अक्का दुसऱ्यांदा एकटी गायली, आणि तेच सिनेमात गेलं. बिघडलेली कॅसेट त्यानं कोपऱ्यात भिरकावली. नानांनी हळूच उचलून टाळांच्या पिशवीत टाकली. म्हणाले, "फुकट शे. भजनं भरी लेसूत."

पुढं जन्मभर नानांना हे ऐकावं लागलं. दूध उतू गेलं तरी अक्का म्हणायची, "गानं बिगाडं, आते दूध बी बिगाड." नाना नुसते मिशीत हसायचे.

चार वर्षांपूर्वी नाना गेले. त्यानंतर अक्का माझ्याकडे राहायला आली. मग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता कुजबुजते, तेवढंच. गाणं मात्र उरलं होतं. शेजारच्या लेकरांनी मोबाइलवर 'ढवळू' लावलं की स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उंबऱ्यात उभी राहायची आणि गाणं संपलं की आत जायची.

मागच्या पौषात श्रेयांस धुळ्याला आमच्या घरी आला. कन्हैयालाल शेठचा नातू. मुंबईत सिनेमे करतो. आजीच्या मांडीवर बसून त्यानं 'ढवळू' इतक्यांदा पाहिलेलं की तेच आता नव्यानं करायला घेतलं होतं. पण चित्रं नाहीत, अगदी खरं दिसणारं वासरू, सगळं कॉम्प्युटरवर केलेलं. त्यानं लॅपटॉप उघडला. मी तर हातच जोडले. केस न् केस वेगळा, ओली नाकपुडी, श्वासाबरोबर हलणारी बरगडी.

अक्का वाकून पाहू लागली. "बाई वं! त्याना डोयावर माशी बसनी!"

"माशीलाच आठ दिवस लागले, अक्का," श्रेयांस खूश होऊन म्हणाला.

मग वासरू ओढ्यापाशी आलं, तोंड उघडलं आणि गाऊ लागलं. आवाज अक्काचाच, जुना. पण ओठ माणसासारखे हलत होते. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भक्तीचा नव्हता.

अक्का कुजबुजली, "वासरूले वरना दात कथाईन उनात?"

खरंच की! गाईगुरांना वर पुढचे दात कुठं असतात? श्रेयांसचा चेहरा पडला. "चित्रातल्या ढवळूला होते, म्हणून आम्ही दिले. कुणी बोललंच नव्हतं." त्यानं दुसरा तुकडा लावला. त्यात दात काढलेले होते. आता वासरू बोळकं हलवून गात होतं.

"आते तं मनी सासू गाई राहिनी!" अक्का म्हणाली. आम्ही तिघंही हसलो. आधी श्रेयांसचं हसू थांबलं.

"अक्का, तेच सांगायला आलोय. कसंही केलं तरी खरं वासरू गाताना भेसूर दिसतं. पोरं घाबरतात. पैसे घालणारे म्हणतात, गाणंच काढा. मी भांडलो. पण ते ऐकत नाहीत."

अक्कानं पदर सारखा केला. "मना आवाज बी गया, गानं बी जाऊ दे, बाप्पा." आणि चहा ठेवायला उठली. चूल पेटवायच्या काड्या तिनं तीन मोडल्या, ते मी पाहिलं.

मला राहवेना. खुंटीवरची टाळांची पिशवी काढली. नाना गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. तळाशी ती कॅसेट होती. भजनं भरली असतील तर नानांचा आवाज तरी ऐकू, एवढाच विचार होता. माझा जुना टेप चार थपडा खाऊन सुरू झाला.

खर्र खर्र, आणि मग अक्का. तिशीतली. 'हाक दे गं माये...' दुसऱ्या ओळीला श्वास तुटला आणि पाठीमागून नानांनी ओळ उचलली. अर्धी मात्रा घाईनं. त्यांच्यामागं आम्ही. मग आपटल्याचा आवाज, शिवी, आणि पुढं कोरी पट्टी. नानांनी त्या कॅसेटवर एक अक्षर भरलं नव्हतं.

अक्का दारात उभी होती, हातात गाळणं. चहा मागं उतू जात होता.

श्रेयांसनं लॅपटॉप ओढला. ओढ्याकाठी तोंड मिटून उभ्या असलेल्या वासराचं चित्र लावलं. "आबा, पुन्हा लावा," तो मला म्हणाला.

मी लावलं. वासरानं नुसता कान हलवला. अक्काचा आवाज आला, तुटला, आणि मागून, जणू साऱ्या सातपुड्यानं, ओळ उचलली. वासराचं तोंड मिटलेलंच होतं. पण ते गात नाही असं कोण म्हणेल? आपले बुवा उपरण्याचं टोक धरून म्हणतात, हे वासरू, आणि आपल्याला वासरू दिसतं. तोंड कुणाचं हलतंय ते कोण बघतं!

"खरखर काढता येईल," श्रेयांस म्हणाला. "बाकी काही काढणार नाही."

अक्का म्हणाली, "ती घाई बी ऱ्हाऊ दे."

दिवाळीच्या सुट्टीत सिनेमा आला. जळगावला थेटरात आम्ही अक्काला मधल्या खुर्चीवर बसवलं. ओढा आला. अक्काचे दोन्ही तळवे मांडीवर हळूहळू एकमेकांवर पडू लागले, टाळ धरल्यासारखे. नानांनी ओळ उचलली तेव्हा ती माझ्याकडे वळून कुजबुजली, "आजूक तशाच शे." आणि पुढं तिचे ओठ हलत राहिले, आवाजाशिवाय.

हं, बुवा आले वाटतं. सरका, वाट द्या. जाता जाता एवढंच मागतो. लेकरांना घेऊन तो सिनेमा पाहाल, ओढ्याकाठी ते वासरू मुकं उभं राहील, आणि मागून कुणी एक जाडाभरडा आवाज अर्धी मात्रा आधीच ओळ उचलेल. तो आमचा पुनानाना. त्याची तेवढी आठवण काढा.