लिफ्टमधल्या ‘थांबा’ची कैफियत

मित्रांनो, मी एक जुने लाल बटण आहे आणि आजवर कित्येकांचे प्राण माझ्या हाती होते. निदान कारखान्यातून निघताना माझी तशी समजूत करून देण्यात आली होती. मग मला एका चार मजली इमारतीच्या लिफ्टमध्ये बसवले. एकवीस वर्षांत मी नऊ वेळा दाबले गेले. आठ वेळा कोणाच्या तरी दप्तराने आणि एकदा एका आजोबांकडून, दिवा समजून.

माझा स्वभाव सांगते. दाबले की मी आत जाऊन अडकून बसते. पिळून सोडवल्याशिवाय बाहेर येत नाही. मी आत गेले की वीज तुटायची आणि लिफ्ट जागच्या जागी उभी राहायची. ‘थांबा’ ही चिकटपट्टी अर्धी माझ्या कड्यावर होती, अर्धी शेजारच्या पत्र्यावर.

या लिफ्टची देखभाल करणारे काका चौथ्या मजल्यावर राहत. काकूंचा पाय मोडला आणि प्लास्टर चढले. घरात बसून त्या वैतागल्या. कॉलेजात असताना व्हिडिओ गेमच्या दुकानात शत्रूची विमाने पाडण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. म्हणून काकांनी प्लायवूडची उभी पेटी केली, तिला पडदा आणि खेळायचा दांडा लावला आणि एक जुना कॉम्प्युटर आत कोंबला. पाठ आठ स्क्रूंनी गच्च आवळल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की कॉम्प्युटर सुरू करायचे बटणही आतच राहिले.

बाहेर एक दणकट बटण हवे होते. काकांना मी आठवले.

माझ्याशिवाय लिफ्ट हलत नाही. खाली पाटी लागली: ‘दुरुस्ती चालू आहे’. काकू चौथ्या मजल्यावर आता रीतसर अडकल्या, आणि तेही त्यांच्याच करमणुकीसाठी.

काकांनी माझ्या पाठीमागच्या तारा फिरवल्या. आता मी आत गेले की वीज जुळणार होती. काकूंनी मला दाबले. पंखा घरघरला, पडदा उजळला आणि चार सेकंदांत सगळे काळेठिक्कर. मित्रांनो, कॉम्प्युटरच्या बटणाला टिचकीभर दाबून बोट उचलायचे असते. दाबून धरले, तर तो ती मरायची आज्ञा समजतो. मला धरून बसण्याशिवाय दुसरे येत नाही. आतून तो गुदमरून म्हणे, “अरे, सोड ना!” मी कसे सोडणार? मीच अडकलेले.

तीन दिवस हेच चालले.

“कॉम्प्युटरच म्हातारा झालाय,” काका म्हणाले.

“आपणही झालोय. चार सेकंदांत नाही झोपत.” काकूंनी मला जवळून निरखले. “अहो, ह्याच्यावर ‘थां’ लिहिलंय.”

“असेल. लाल बटणं सगळी सारखीच असतात.”

“मग ‘बा’ कुठंय?”

काका स्क्रू मोजू लागले.

“सोमवारी नऊला माझं प्लास्टर काढायचंय. चार जिने काय तुमच्या ह्या दांड्यावर बसून उतरू?”

सोमवारी पावणेनऊला काकांनी मला लिफ्टमध्ये परत बसवले. ‘थां’ आणि ‘बा’ पुन्हा शेजारी आले, जरासे वाकडे. तारा मात्र फिरवलेल्याच राहिल्या. मी बाहेर, तर लिफ्ट ठप्प. मला दाबले, तर लिफ्ट चालू.

“अहो, हे उलटं झालंय!”

“चल गं, उशीर होतोय. आल्यावर बदलतो.”

प्लास्टर निघाले. काकू आता जिन्यानेच ये-जा करतात. पेटीला काकांनी स्वतःच्या दाराच्या घंटीचे बटण बसवले. ते पहिल्याच टिचकीला चालले. पाहुणे कडी वाजवतात.

या गोष्टीला सात महिने झाले. मी आत आहे. मित्रांनो, कोणत्याही बटणाला हात लावण्याआधी त्याचा स्वभाव समजून घ्या आणि ज्याला त्याला त्याच्या जागी सुखाने राहू द्या. मला मात्र सोडवायला येऊ नका. लिफ्टमध्ये माणसे असतात.

पत्र्यावर आता काकांच्या अक्षरात सूचना आहे: ‘लिफ्ट चालू करण्यासाठी थांबा दाबा’.