मोकळा गुरुवार

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सुंदरी साताऱ्याहून माहेरी आली, ती वहिनीसाठी एक प्लॅनर घेऊन. सुंदरी साताऱ्यात बँकेत नोकरीला. जगातली निम्मी दुखणी वेळेचं नियोजन न केल्यामुळं होतात, असं तिचं ठाम मत होतं आणि ते ती कुणाला सांगितल्याशिवाय राहत नसे. प्लॅनरला गुलाबी पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं, आत दर दिवसाला एक पान. पानावर सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत तासातासाच्या रेघा. खाली पाण्याचे पेले छापलेले, प्यायलं की एकेक रंगवायचा. आणि कोपऱ्यात एक चौकोन, ‘आज मी कुणाची आभारी आहे’ ते लिहायला. राजमतीनं तो चौकोन वाचला आणि तिला हसू आलं. नणंदेला वाटलं वहिनीला वस्तू आवडली, आणि राजमतीनं तिला तसंच वाटू दिलं.

राजमती थोरली सून. सांगलीच्या पश्चिमेला कृष्णाकाठच्या गावात त्यांचा ऊस, हळद आणि दावणीला म्हशी. घरात सासरे जवाहर अण्णा, नवरा भरतेश, धाकटा दीर सम्मेद आणि त्याची बायको ब्राह्मी. ब्राह्मी सांगलीत पतसंस्थेत कामाला जायची. सकाळी डबा घेऊन बाहेर पडली की ती संध्याकाळी परत. त्यामुळं घरात जे जे म्हणून काम असेल ते राजमतीचं, हे कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

राजमतीचं स्वतःचं असं एकच काम होतं. मुक्त विद्यापीठातून ती बी.ए. करत होती, आणि शेवटचं वर्ष काही केल्या सुटत नव्हतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात तसं. एकदा परीक्षेच्या तोंडावर सासूबाई गेल्या, एकदा सम्मेदचं लग्न निघालं. यंदा मात्र गोष्ट निराळी होती. तिची मैत्रीण मंगल सांगलीत मुलींच्या एका वसतिगृहात काम करायची. तिथल्या अधीक्षिका जुलैत निवृत्त होणार होत्या. संस्थेच्या बाईंनी राजमतीला पाहिलं होतं, तिच्याशी बोलल्या होत्या, त्यांना ती पसंत पडली होती. पदवीचा निकाल तेवढा जुलैपर्यंत आणा, म्हणाल्या. त्या दिवशी परतीच्या एसटीत राजमती सबंध वाट खिडकीबाहेर बघत होती आणि तिला काहीच दिसत नव्हतं, इतकी ती खूश होती.

म्हणून तिनं प्लॅनर हातात घेतला. छापणाऱ्यानं तो जिच्यासाठी छापला होता ती बाई कुणीतरी वेगळीच असणार. तासातासाच्या रेघांचा राजमतीला काडीचा उपयोग नव्हता. तिच्या घरात दिवस घड्याळावर चालत नव्हता. तो डेअरीच्या दुधावर चालायचा, शेतीच्या लाईटवर चालायचा, आणि दिवस मावळायच्या आत जेवणं उरकण्यावर चालायचा. लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. सुंदरीच्या प्लॅनरमध्ये रात्री आठला ‘कुटुंबासोबत जेवण’ असं छापलं होतं. या जैन घरात रात्री आठला कुणी पाण्याखेरीज काही तोंडात घालत नव्हतं, आणि अण्णा तर पाणीसुद्धा नाही.

तिनं पट्टी घेतली आणि दर पानाचे चार तुकडे केले: दुधाआधी, लाईट असेपर्यंत, उन्हाचं, आणि दिवस मावळायच्या आत. लाईटचं वेळापत्रक पुठ्ठ्याच्या आत चिकटवलं. पेल्यांच्या जागी म्हशींची औषधं आणि पेंड लिहायला सुरुवात केली. एका तुकड्यात एकच मोठं काम, दोन झाली की दोन्ही बिघडतात. घरच्यांची कामं पेन्सिलीनं, कारण ती सरकतात. स्वतःचं काम शाईनं, कारण ते सरकू द्यायचं नाही. उन्हाच्या तुकड्यात रोज एक शाईची ओळ, अभ्यासाची. आणि वही कपाटात न ठेवता तिनं ती दोरा ओवून स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगली. मिटून ठेवलेली वही काम करत नाही, येता-जाता डोळ्यांसमोर हवी, असं तिचं म्हणणं. म्हणणं बरोबरच होतं. फक्त त्या दारातून एकटी तीच येत-जात नव्हती.

वही चालली, आणि अशी चालली की घराला खोड लागली. हळद शिजवायच्या दिवशी पहिल्यांदाच मजुरांना चहा वेळेवर मिळाला. गॅस संपायच्या आधी नवा आला. लस टोचायच्या तारखेला डॉक्टर दारात हजर. मग अण्णा म्हणायला लागले, राजमतीच्या वहीत लिवा, म्हणजे काम झालं. भरतेश मोटर दुरुस्तीला न्यायचं लिहून ठेवायचा. सम्मेद स्वतःच्या गाडीचा विमा लिहायचा. ब्राह्मीनं एकदा आपल्या ब्लाउजला हुक लावायचे लिहिले, वर ‘प्लीज’ म्हणून. ज्यानं त्यानं येऊन पेन्सिल उचलावी आणि आपलं ओझं त्या कागदावर उतरवून मोकळं व्हावं. राजमतीला राग यायचा, पण त्या रागात थोडा अभिमानही मिसळलेला होता, आणि तिथंच तिचं चुकलं.

मे महिन्यात परीक्षा होती. आधीचे पेपर तिनं लिहिले. पहाटे सगळं आवरून, एसटीनं जाऊन, दुपारी परत येऊन भाकऱ्या थापून. घरातल्यांना ती गेली होती हे फारसं जाणवलंही नाही, इतकं तिनं चोख आखलं होतं. शेवटचा पेपर गुरुवारी सकाळी दहाला, अर्थशास्त्राचा, आणि त्याची तिला धास्ती होती. म्हणून त्या गुरुवारची सगळी कामं तिनं आधीच बुधवारात ओढून घेतली. बुधवारचं पान गच्च भरलं. गुरुवारच्या पानावर शाईची एकच ओळ राहिली: पेपर, सांगली. बाकी सगळं पान कोरं. वर्षातलं ते पहिलंच कोरं पान होतं, आणि ते पाहिलं की तिला बरं वाटायचं.

त्याच आठवड्यात मुनी महाराजांचा संघ विहार करत गावात येणार असल्याचा निरोप आला. तीन-चार दिवस मुक्काम. गावात नुसती लगबग. महाराजांच्या आहारासाठी कुठल्या घरी कुठल्या दिवशी चौका लागणार, याची नावं मंदिरात मंडळाची माणसं लिहून घेत होती. चौका म्हणजे सोपं काम नाही. विहिरीचं पाणी गाळून आणायचं, पीठ घरी जात्यावर दळायचं, सोवळ्यानं सगळा स्वयंपाक करायचा, आणि नवरा-बायकोनं हातात कलश घेऊन दारात उभं राहायचं. एवढं करूनही महाराज येतीलच असं नाही. त्यांनी मनात काही नेम धरलेला असतो. तो जुळला तर ते थांबतात, नाही तर पुढं जातात.

सोमवारी संध्याकाळी अण्णा मंदिरातून आले आणि जेवायच्या पाटावर बसता बसता म्हणाले, “गुरवारी आपला चौका. मंडळाला नाव दिऊन आलो.”

राजमतीची तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

“अण्णा, गुरवारी माजा पेपर हाय.”

“मी तुजी वही बघूनच नाव दिलंय. सगळ्या वारांत गुरवारच मोकळा घावला.”

“मोकळा न्हाई. लिवलंय तितं. शाईनं लिवलंय.”

“एकच तर ओळ हाय,” अण्णा म्हणाले. ते रागावले नव्हते. हिशेब चुकलेल्या पोराला समजवावं तसं म्हणाले.

मग भरतेश बोलला. त्याचं म्हणणं, पेपर काय, वर्षातनं दोनदा येतो, महाराज आपल्या दारात पुन्हा कवा यायचे. राजमती म्हणाली, बुधवारी लावू. तर तो उठून वही बघून आला आणि म्हणाला, बुधवारी कसं जमंल, बुधवार तर तूच गच्च भरून ठेवलायस. आयत्या बिळात नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान मुंगीलाच दोष देत बसत नाही.

“मग ब्राह्मीला उभी करा की सम्मेदभावजींच्या शेजारी,” राजमती म्हणाली.

“तिची नोकरी हाय,” भरतेश म्हणाला. “तिला रजा घावायची न्हाई.”

ब्राह्मी ताटात बघून जेवत होती. तिनं रजा मागितलीच नव्हती, आणि कुणी तिला माग म्हटलंही नव्हतं. राजमतीला एकाएकी सगळं लख्ख कळलं. या घरात महिन्याच्या शेवटी पगार आणणारं काम तेवढं काम होतं. बाकी सगळा मोकळा वेळ होता, आणि मोकळ्या वेळाला मालक नसतो. जुलैतल्या नोकरीचं तिनं त्या रात्री भरतेशला पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, नोकरीचं नंतर बघू, अण्णांनी शब्द दिलाय. महाराजांच्या आहारापुढं माझा पेपर मोठा, असं म्हणायची तिची छाती झाली नाही. तीही त्याच मंदिरात लहानाची मोठी झाली होती. आपल्याला राग येतोय याचंच तिला भय वाटत होतं, आणि राग तर येतच होता.

गुरुवारी ती अंधारातच उठली. जात्यावर दळण दळलं, पाणी गाळलं, सगळा स्वयंपाक केला. दहाच्या सुमाराला ती आणि भरतेश सोवळ्यात, हातात कलश आणि श्रीफळ घेऊन दारात उभी राहिली. अण्णा मागं हात जोडून. गल्लीत घरोघर अशीच जोडपी उभी होती. सांगलीत आता प्रश्नपत्रिका वाटली असेल, एवढंच तिच्या मनात आलं, आणि तिनं ते मनातून हुसकून लावलं.

महाराज आले. उजव्या हाताची बोटं मिटून खांद्याला टेकवलेली, नजर जमिनीवर. गल्ली ‘नमोस्तु नमोस्तु’नं भरून गेली. राजमतीही म्हणाली, जीव ओतून म्हणाली, कारण आता एवढं घालवल्यावर ते तरी पदरात पडावं असं तिला खरोखर वाटलं. महाराज त्यांच्या दारापुढं थांबले. कलशाकडं पाहिलं, दोघांकडं पाहिलं. मग शांतपणे पुढं गेले आणि समोरच्या बाळासोंच्या दारात उभे राहिले. बाळासोंच्या बायकोला रडू कोसळलं, आनंदानं. महाराजांचा नेम महाराजांनाच ठाऊक. त्यांच्याकडून काही चुकलं नव्हतं.

घरात आल्यावर भरतेशनं कलश खाली ठेवला. मग अण्णा भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “मनशुद्धी लागती त्याला. तुजं मन सांगलीला हुतं, राजमती. म्हून महाराज थांबलं न्हाईत.”

राजमतीनं सोवळं सोडलं, रोजचं लुगडं नेसली आणि म्हशींना पाणी दाखवायला गेली. गोठ्यात ती म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून रडली. असं रडणं लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर तिला आठवत नव्हतं.

जुलैत वसतिगृहाची जागा दुसऱ्या एका बाईला मिळाली. मंगलनं फोनवर सांगितलं आणि सांगताना तिलाच अवघडल्यासारखं झालं. राखी पौर्णिमेला सुंदरी आली. खिळ्याला लटकलेली, हळदीचे डाग पडलेली, पानं फुगलेली वही बघून ती हरखून गेली. सगळ्यांना उघडून दाखवत सुटली, हे चार तुकडे बघा, पेन्सिल-शाईचं बघा, वैनींनी किती प्रॅक्टिकल करून घेतलंय. पुढच्या वर्षी दोन आणीन म्हणाली. अण्णांनीही मान डोलावली. या वहीवर घर चालतंय, म्हणाले. मेमधला गुरुवार कुणाच्या ध्यानातही नव्हता.

दिवाळीनंतर राहिलेल्या पेपरची तारीख आली, डिसेंबरातली. नोकरी गेली होती, आता ती पदवी कशाला हवी, हे राजमतीला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण हवी होती. वही घेऊन ती ओट्याशी बसली आणि त्या दिवसाचं पान तिनं बराच वेळ समोर धरलं. कोरं ठेवलं तर कुणीतरी घेणार. ‘पेपर’ लिहिला तर एकच ओळ म्हणणार. या घरात न हलणारी कामं दोनच, ब्राह्मीची नोकरी आणि अण्णांची तब्येत. ब्राह्मीची नोकरी तिच्या हातात नव्हती.

तिनं पेनाचं टोपण काढलं आणि चारही तुकड्यांवरून आडवं, ठळक लिहिलं: अण्णा, डोळ्यांचा दवाखाना, सांगली.

लबाडी म्हणावी तर तीही पुरती नव्हती. रक्तातल्या साखरेमुळं डोळे आतून तपासून घ्या, असं डॉक्टरांनी अण्णांना उन्हाळ्यातच सांगितलं होतं. दवाखाना परीक्षेच्या कॉलेजच्या बरोबर समोर होता. तिथं डोळ्यांत थेंब घालतात, मग बाकावर डोळे मिटून बसवतात. दुपारपर्यंत माणसाला धड काही दिसत नाही.

संध्याकाळी जेवण उरकून अण्णा नेहमीप्रमाणं वहीपाशी थांबले. चष्मा वर करून पान वाचलं, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला.

“माजं एवढं ध्यानात ठिवलंस व्हय गं?” ते म्हणाले. “हे मातर मोडू नगंस. कुणीबी येऊ दे त्या दिशी.”

“न्हाई मोडत, अण्णा,” राजमती म्हणाली, आणि वही पुन्हा खिळ्याला अडकवली.