मी टिपलेले हात

मित्रांनो, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जुन्या मासिकांचं एक कपाट आहे. त्यात खालून दुसऱ्या फळीवर जो काळा कॅमेरा पडला आहे, तो मी. माझ्या पकडीवरचं रबर सुटलं आहे आणि एका कोपऱ्याला पोचा आला आहे. काच मात्र शाबूत आहे. मी आजवर हजारो फोटो काढले. त्यातला एक काढला नसता तर बरं झालं असतं. त्याचीच गोष्ट आज सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे पांढरी टोपी घातलेल्या एका बाईंनी माझं शटर पुन्हा पुन्हा पाडून पाहिलं, मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. पहिली सात वर्षं मी एका स्टुडिओत तिपाईवर उभा राहून काढली. स्टुडिओवाला ओळखपत्रांसाठी फोटो काढायचा. दिवसभर एकाच स्टुलावर माणसं येऊन बसायची आणि तो म्हणायचा, "हनुवटी जरा खाली. हलू नका." पुढे लोक घरबसल्या फोटो काढू लागले आणि स्टुडिओला टाळं लागलं.

शेजारच्या दुकानात एक शिंपीणबाई कपडे दुरुस्त करायच्या. स्टुडिओचे पडदे त्यांनीच शिवलेले. जायच्या दिवशी स्टुडिओवाल्याने मला त्यांच्या टेबलावर ठेवलं. "विकायला मन होत नाही. तुम्ही वापरा," एवढंच म्हणून तो गेला.

शिंपीणबाई पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या होत्या. विजारी आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं सांधणं हे त्यांचं काम. त्यांची शिवण इतकी सरळ असे की गिऱ्हाईक ती उलटी करून बघत आणि सुलट कुठली ते विसरत. मी हाती आल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं असेल, तर माझं माप घेतलं. दोन दिवसांत मला आतून मऊ अस्तर लावलेली पिशवी मिळाली. इतकं कौतुक माझं त्याआधी कुणी केलं नव्हतं.

त्यांची शाळेपासूनची मैत्रीण या वाचनालयात ग्रंथपाल होती. इथे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी छायाचित्रणाची हौस असलेली दहा-बारा माणसं जमत. एक विषय ठरायचा. प्रत्येकाने महिनाभरात त्यावर एक फोटो काढून आणायचा. तो भिंतीवर मोठा करून दाखवायचा आणि मग हात वर करून मतं द्यायची. बक्षीस नाही, काही नाही. पहिला येईल त्याने पुढचा विषय द्यायचा, एवढाच मान. "आपली मैत्रीतली चढाओढ," असं चष्मेवाले म्हणत. ते मंडळाचे म्होरके. बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि बहुतेक वेळा तेच पहिले येत.

ग्रंथपालबाईंनी मैत्रिणीला आग्रहाने मंडळात नेलं. पहिल्याच महिन्याचा विषय होता 'वाट पाहणं'. बाकीच्यांनी थांब्यावरची माणसं आणली, खिडकीतली मांजरं आणली. शिंपीणबाईंनी आपल्या दुकानातली खुंट्यांची रांग आणली. शिवून तयार असलेले, पण कुणी न्यायलाच न आलेले कपडे. प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली, काही चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या. फोटो भिंतीवर आला. मग सगळे हात वर गेले. चष्मेवाल्यांचा सगळ्यात शेवटी.

त्यानंतरची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. रविवारी दुकान बंद करून आम्ही हिंडायचो. बाई पाच-सहा वेळा पहिल्या आल्या. प्रत्येक वेळी चष्मेवाले हसून म्हणायचे, "मावशी, आम्हालाही जरा जागा ठेवा."

मग एक गोष्ट घडू लागली. ती सगळ्यांच्या आधी मला कळली, कारण मी त्यांच्या हातात होतो. त्यांचा उजवा हात कापू लागला. आधी अगदी बारीक, फोन थरथरतो तसा. पुढे फोटो हलू लागले. बाई श्वास रोखत, भिंतीला टेकत, कोपर पोटाशी घट्ट धरत. तरी फोटो पुसट यायचे. मंडळात चष्मेवाल्यांनी त्यांचं नाव 'धूसरमावशी' पाडलं. "मावशींच्या फोटोलाच चष्मा लावायची वेळ आली," ते म्हणाले आणि सगळे हसले. बाईही हसल्या. घरी येऊन त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. अकराव्या खेपेला ओवला गेला.

एका दुपारी ग्रंथपालबाई दुकानात आल्या होत्या. तेव्हा बाईंनी मन मोकळं केलं.

"डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. कुणाला बोलू नकोस. गिऱ्हाईकांच्या कानावर गेलं तर संपलं माझं."

"वेडी आहेस का? मी कशाला कुणाला सांगू?" ग्रंथपालबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "तुझा कॅमेरा दे गं जरा. माझा दुरुस्तीला दिलाय. तुझं हे जुनं मशीन किती छान दिसतंय या उजेडात. तू शिवत राहा, माझ्याकडे बघू नकोस."

बाईंनी मला विश्वासाने दिलं आणि त्या शिवत राहिल्या. ग्रंथपालबाईंनी मला वर धरलं. माझ्या काचेत मशीन नव्हतं. त्यात दोन हात होते, एक सुई होती, आणि सुईच्या नाकापाशी येऊन पुन्हा पुन्हा चुकणारा दोरा होता. त्यांनी बटण दाबलं. मी फोटो काढला. तो लख्ख आला. बोटाच्या पेरावरचे सुईचे जुने टोचे मोजता यावेत इतका. त्यांनी तो आपल्या फोनवर उतरवून घेतला आणि मला परत दिलं.

त्या महिन्याचा विषय होता 'थरथर'. चष्मेवाल्यांनी तो दिला तेव्हा बाईंना त्यात वावगं वाटलं नव्हतं. बाकीच्यांना मात्र फोनवर वेगळा निरोप गेला होता, बाईंना तेवढं वगळून. गंमत करायची, असं ठरलं होतं.

बाईंनी त्या फोटोसाठी जिवाचं रान केलं. शिवणाच्या मशीनवर पाण्याचं पातेलं ठेवलं, पायाने मशीन चालवलं, मला कापडाच्या गठ्ठ्यांवर टेकवून पट्ट्याने खुर्चीला बांधलं. चाळीस फोटो वाया गेले. एकेचाळिसाव्यात पाण्यावरची वलयं रेघ न् रेघ उमटली. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा फोटो हलला नव्हता. त्यांनी माझी काच पदराने पुसली आणि त्या मला बराच वेळ मांडीवर ठेवून बसल्या.

रविवारी भिंतीवर पहिला फोटो पडला तो चहाच्या कपाचा. कप बाईंच्या हातात होता आणि चहा बशीत सांडत होता. मंडळाच्या मागच्या सहलीत कुणीतरी त्यांच्या नकळत काढलेला. थोडा हशा पिकला. दुसरा चष्मेवाल्यांचा: मंडळाच्या हजेरीवहीतली बाईंची वाकडीतिकडी सही, भिंतभर मोठी. हशा वाढला. मी बाईंच्या मांडीवर होतो. त्यांची बोटं माझ्या पट्ट्यावर आवळली गेली. तिसरा फोटो ग्रंथपालबाईंचा. हात, सुई, दोरा. या वेळी कुणी हसलं नाही. "वा," असं कुणीतरी हळूच म्हणालं.

शेवटी बाईंचं पातेलं आलं. चष्मेवाल्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "फोटो उत्तम आहे, मावशी. पण हा तर हललाच नाही. विषयात बसत नाही. नेमका याच महिन्यात कसा हो स्थिर आला तुमचा हात?"

मतं घेताना एकेक फोटो पुन्हा भिंतीवर आणला. ग्रंथपालबाईंच्या फोटोला सगळे हात वर गेले, एक सोडून. "मावशी, नियम म्हणजे नियम. प्रत्येकाने हात वर करायचाच," चष्मेवाले म्हणाले.

बाईंनी उजवा हात वर केला. भिंतीवर पडणाऱ्या उजेडात तो नेमका आडवा आला. त्याची सावली त्या फोटोवर पडली आणि फोटोतल्या हातांवर कापत राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "अगदी विषयाला धरून." मग मात्र सगळे पोट धरून हसले. ग्रंथपालबाई हसल्या नाहीत. त्या नुसत्या खाली बघत होत्या.

फोटो वाचनालयाच्या दारात लागला, चांगला चौकटीत. येणारे-जाणारे थांबून बघत. हात कुणाचे, हे विचारायला गाव काही मोठं नव्हतं. आठवड्याभरात एक बाई आपल्या मुलीचा अर्धवट शिवलेला झगा परत न्यायला आल्या. "तशी घाई नाही, पण राहू द्या," म्हणाल्या. मग दुसऱ्या आल्या. चार महिन्यांत खुंट्या रिकाम्या झाल्या.

ग्रंथपालबाई एकदा आल्या, फोटोची प्रत घेऊन.

"अगं, लोक किती कौतुक करतात तुझ्या हातांचं. तुला इतकं लागेल हे मला ठाऊक असतं, तर लावलाच नसता. तू एका शब्दाने सांगायचंस."

"तुलाच तर सांगितलं होतं," शिंपीणबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं."

मग त्यांनी मला पिशवीतून बाहेर काढलं आणि मैत्रिणीपुढे सरकवलं. "हाही घेऊन जा. यानेच काढलाय." पिशवी त्यांनी स्वतःकडे ठेवली. दुकान बंद करून त्या भावाकडे राहायला गेल्या, असं पुढे ऐकलं. तिथे भावजय त्यांना भरलेला पेला हातात देत नाही, असंही ऐकलं.

आता मी मंडळाचा आहे. नव्याने आलेल्यांना शिकायला मला देतात. मंडळ अजून जमतं, विषय अजून ठरतात, हशा अजून पिकतो. चष्मेवाले मला दाखवून सांगतात, "हा जपून वापरा, याचे फोटो हलतात." मी कधीच हललो नव्हतो, हे त्यांना सांगायला मला तोंड नाही.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला ओलीपासून जपा, असं काही मी मागणार नाही. यंत्र आज आहे, उद्या मोडीत जाईल. एवढंच मागतो: कुणी विश्वासाने आपली दुखरी जागा तुमच्यापुढे उघडी केली आणि तुमचं बोट बटणावर गेलं, तर तिथेच थांबा. मला थांबता येत नाही. बोट टेकलं की माझं शटर पडतं, तसंच मला बनवलं आहे. बोट तुमचं असतं.