तुमच्या खाली कोण?

नागुबाईनं लेकीची पिशवी रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर ठेवली, रुमाल शेवटच्या खुर्चीवर अंथरला आणि मधोमध स्वतः ऐसपैस बसली. नांदेडच्या त्या मंगल कार्यालयात ही अख्खी रांग आज तिच्या लेकीच्या माणसांसाठी राखलेली होती. तसा कागदच चिकटवला होता, 'लुंबिनी मॅडम यांची टीम'. कुणी खुर्ची ओढायला आलं की ती हात आडवा घालायची.

"बाया यायल्यात. गाडी लोह्यात अडकली."

गाडी कुठंही अडकली नव्हती, कारण ती गावातून निघालीच नव्हती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि आजच्या दिवशी ती उघडायला नागुबाई तयार नव्हती. मंचावर लेकीचा माणसाएवढा फोटो लागला होता. माणसं जोडत जोडत पावडरी, साबण आणि काढे विकायच्या त्या कंपनीत लुंबिनी 'सिल्व्हर' झाली होती. चांदीचं काहीतरी मिळणार असं समजून नागुबाईनं गावभर सांगून टाकलं होतं. मिळणार होती ती काचेची बाहुली, हे इथं आल्यावर कळलं. कळलं म्हणून तिची ऐट काही कमी झाली नाही. एरवी बुद्धपौर्णिमेलाच निघायचं ते पांढरंशुभ्र लुगडं ती आज नेसून आली होती.

लुंबिनी घाईघाईनं रांगेपाशी आली.

"माय, बाकीच्या कुठं हायेत? साखरामावशी?"

"येतील की. तू तुझं बघ."

साखराबाई येणार नव्हती. ती आणि नागुबाई एकमेकींच्या शेजारी खुरपत खुरपत म्हाताऱ्या झालेल्या. लुंबिनी रविवारी विहारात यायची ती हीच पिशवी घेऊन, आणि वंदना झाली की पिशवीतून डबे निघायचे. बायांनी पहिल्यांदा लेकीचा मान ठेवून घेतले. दुसऱ्यांदा तोंड पाडून घेतले. मग 'तुम्ही पण बाया जोडा' असं सुरू झालं, तशा त्या वंदना संपायच्या आतच चपला शोधायला लागल्या. आता साखराबाई नागुबाईलाही रस्त्यात टाळायची. जयभीम घालायला थांबावं तर डबा गळ्यात पडायचा, ही धास्ती. लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. वर चढणाऱ्या लेकराचा पाय आपण कशाला ओढायचा, म्हणून नागुबाई गप्प होती.

लुंबिनीचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. नागुबाईनं आजूबाजूच्यांना, न विचारताच, सांगून घेतलं, "माझी लेक हाय ती."

मग फोटोची वेळ आली. कंपनीची रीत अशी की ज्यानं जोडलं त्यानं वरच्या पायरीवर उभं राहायचं आणि जोडलेल्यांनी खालच्या. लुंबिनीला जोडणारे शिवशंकर सर लातूरहून खास आले होते. टाय सारखा करत त्यांनी माईक घेतला.

"मॅडम, तुमच्या खालच्यांना बोलवा!"

रिकाम्या रांगेतून एकटी नागुबाई उठली आणि ताठ मानेनं पायऱ्यांपाशी गेली.

"कोणाला बोलवायलेत?"

"तुम्हालाच की मावशी! हे बघा, मी इथं वर. लुंबिनी मॅडम माझ्या खाली. तुम्ही मॅडमच्या खाली. आता सांगा, तुमच्या खाली कोण?"

त्यांनी हे अगदी मायेनं विचारलं आणि माईक तिच्या तोंडापुढं धरला.

नागुबाईनं खालच्या पायरीकडं पाहिलं. तिचे सासरे, व्यंकटी, तरणेपणी चावडीच्या पायऱ्यांखाली, मातीत बसायचे. तेव्हा तीच जागा नेमून दिलेली होती. दीक्षा घेतल्या दिवसापासून ते तिथं कधी बसले नाहीत. बोलावणं आलं तर उन्हात उभे राहायचे, आणि घरी येऊन सांगायचे, 'बसायचं तर बरोबर बसायचं, न्हाईतर उभं राहायचं.' लग्न होऊन आलेल्या नागुबाईनं पहिल्या आठवड्यातच हे ऐकलं होतं.

"लेकरा," ती म्हणाली, "माझ्या खाली कोणी न्हाई. अन् वर बी कोणी न्हाई. आमच्या घरात तसं चालत न्हाई."

लोकांना ते भाषणातलं वाक्य वाटलं. टाळ्या पडल्या. शिवशंकर सरही मनापासून हसले.

"वा, मावशी! पण फोटोपुरतं तरी?"

लुंबिनी हसली नाही. लहानपणी पाहुणे आले की घरचे आजोबांचं ते वाक्य तिच्याकडून म्हणून घेत. आणि अलीकडं सकाळ-संध्याकाळ ती फोनवर लोकांना सांगत असे, माझ्या खाली इतके, तुमच्या खाली किती? ती सरांच्या खालच्या आपल्या पायरीवरून उतरली, उरलेल्या पायऱ्याही उतरली, आणि खाली फरशीवर मायच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"काढा फोटो."

"मॅडम, असं लेव्हल दिसत नाही."

"नका दिसू देऊ."

एसटीत बसल्यावर लुंबिनीनं विचारलं, "साखरामावशी का आली नाही? खरं सांग, माय."

नागुबाईनं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. लुंबिनी खिडकीबाहेर बघत सगळं ऐकत राहिली. लोहा मागं पडलं तशी नागुबाई एकदम दचकली.

"अगं बाई! तुझी पिशवी तिथंच खुर्चीवर राहिली की!"

"राहू दे."

नागुबाईनं लेकीकडं नीट पाहिलं. त्या भरल्या मंडपात जेवढा अभिमान वाटला नव्हता, तेवढा तिला या खडखडणाऱ्या एसटीत वाटला.

गावच्या फाट्यावर उतरल्या तेव्हा थांब्याच्या बाकड्यावर साखराबाई बसलेली. मायलेकींना पाहून तिनं मान दुसरीकडं वळवली आणि पदर सावरत उठायला लागली. लुंबिनीनं काचेची बाहुली मायच्या हातात दिली आणि पुढं होऊन हात जोडले.

"जयभीम, मावशी."

साखराबाईनं आधी तिच्या जोडलेल्या हातांकडं पाहिलं. मग खांद्याकडं, पाठीमागं, नागुबाईच्या हातांकडं. पिशवी कुठंच नव्हती.

"जयभीम, बाई," ती म्हणाली. ती पुन्हा बाकड्यावर टेकली आणि सरकून बसली, दोघींना जागा होईल इतकी.