खोक्यावरची बाई

कुलसुमनं सकाळची गोळी सुनेच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा तांब्या दिला आणि ती गिळेपर्यंत दारातच उभी राहिली. सबिनानं घोट घेऊन मान मागं टाकली. सासूची पाठ वळताच तिनं जिभेखालची गोळी काढली आणि मेंदीच्या कुंडीत बोटानं खोल दाबली. आज एकविसावा दिवस होता.

सबिनाचं शरीर स्वतःच्याच लिव्हरवर उठलं होतं. पहिली गोळी तिला सोसली नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशीच ढासळल्या. मग शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी ही दुसरी दिली आणि बजावलं, ही चालू असेतो दिवस राहता कामा नयेत, बाळात व्यंग येतं. आणखी एक औषध होतं, पण ते तिच्या किडनीला झेपणारं नव्हतं. गोळी सोडली तर लिव्हर जाणार. अम्मीला तूच सांग, एवढंच तिचा नवरा रिजवान दारात म्हणाला.

सांगणार काय, कपाळ! खोक्यावर पोटुशी बाईचं चित्र होतं, त्यावर लाल गोल आणि तिरकी रेघ. कुलसुमला अक्षर येत नव्हतं. तिनं त्याच दिवशी शेजारच्या आक्काला ते खोकं लांबनंच दाखवलं आणि सांगितलं, पोरासाठी औषध चालू केलंय. सहा वर्षं सबिनाच्या पोटाची चौकशी करणारी गल्ली गप्प झाली. सबिनाला मात्र सासूचा आनंद बघवेना. मूल तिलाही हवं होतं, जीव तुटेपर्यंत हवं होतं. थोडे दिवस गोळी चुकवू, दिवस राहिले की पुढचं पुढं, असं तिनं ठरवलं. पण कालच तिची पाळी आली होती.

संध्याकाळी सबिनानं भाकरी तव्यावर टाकली, तेवढ्यात कुलसुमनं तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. डोळे पिवळे झाले होते. सुनेच्या नखातली माती ती रोज बघत होती. तिनं कुंडी उपडी केली. मातीतनं अर्धवट विरघळलेल्या गोळ्या निघाल्या.

“अम्मी, ती गोळी पोरासाठी न्हाय,” सबिना कशीबशी म्हणाली.

“ठावं हाय. तुझ्या सासऱ्यानं तीस वर्षं रिक्षा चालवली. लाल गोलातली रेघ म्हंजे मनाई, एवढं मला कळत न्हाय व्हय?”

“मग आक्काला तसं का सांगितलंसा?”

“गल्लीचं तोंड बंद कराय.” कुलसुमनं हातातल्या गोळ्यांवरची माती झटकली. “नातवाची हौस मलाबी हाय की. पर आधी तू जगाय पायजेस.”

सकाळी उठून डॉक्टरांकडं जायचं, एवढं तिनं सांगून टाकलं. मग पदराला हात पुसले, खोकं घेतलं, त्या बाईवरनं एकदा अंगठा फिरवला आणि गोळी काढून दिली. सबिनानं ती गिळली.

“आ कर.”

सबिनानं तोंड उघडलं. लहान पोरीचं बघावं तसं कुलसुमनं जिभेखाली नीट बघितलं, आणि करपलेली भाकरी उतरवायला वळली.