हौशीरामची पारख

चहाचा घोट तोंडात घोळवून हौशीरामने कप खाली आपटला. "आरते, साखर टाकलीस व्हय यात?"

"न्हाई मामा, फिकाच हाय," सून म्हणाली.

"मग शुगर का उतरंना? गोळ्या तर रोज गिळतोय!"

आरती पाठ फिरवून चुलीकडे वळली आणि हौशीरामचा संशय पक्का झाला. म्हातारा मेला की यांचं घर मोकळं, दुसरं काय! पायाची जखम भरत नव्हती. पाय कापायची वेळ आली, तर बेल्ह्याच्या बाजारात दात बघून बैलांची पारख कोण करणार? या धसक्याने त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

आळेफाट्याच्या डॉक्टरांनी मात्र भलतंच काढलं. "सूनबाई म्हणतात, तुमच्या उशीला रक्त लागतं. हिरड्यांत पू झालाय. त्या सुजेमुळेही शुगर उतरत नाही. ही तंबाखूची मिश्री सोडा आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवा."

दुखणं पायाला अन् दवा दाताला! कमिशन असणार. आणि चहाडी केली कोणी? हिनेच! येताना एसटीत तो तिच्यापासून लांब, मागच्या बाकावर जाऊन बसला.

बाजाराच्या दिवशी ओतूरच्या भिमाजीने त्याला एक बैल पारखायला बोलावलं. दिसायला देखणा, पण जबड्याला हात लावू देईना.

"लाजतंय राव जनावर," विकणारा हसला.

"तोंड दावत न्हाई त्याच्या तोंडात खोट असती. घेऊ नको, भिमाजी," हौशीराम म्हणाला. उभी हयात तो हेच सांगत आला होता.

सवयीने त्याने बाजूला जाऊन चिमूटभर मिश्री हिरडीला लावली आणि थुंकला. मातीत लालभडक रक्त पडलं. त्याने ते घाईघाईने पायाने झाकलं, कोणी पाहिलं का म्हणून मागे वळून बघितलं, तर तोंड न दावणारा तोच बैल समोर उभा. आपण तरी दुसरं काय चालवलंय! त्याला स्वतःचीच लाज वाटली.

घरी येऊन तो ओट्यावर टेकला. "आरते, बॅटरी आण. बघ माझं तोंड."

ती बिचकली. सासऱ्याच्या तोंडात बघायचं? पण त्याने आ वासलाच होता. तिने हलकेच हनुवटी धरली.

"मामा, लई सुजलंय. पुढचे दोन दात हालत्यात."

"काढत्याल?"

"काढत्याल बहुतेक."

"उद्या जाऊ मग. तू चल संगं."

तिने चहा आणून ठेवला. हौशीरामने कप उचलला आणि न चाखता गटागटा पिऊन टाकला.